सलोख्याची उमेदवारी कुठे करावी?

कोल्हापुरात राजारामपुरीला लागूनच सायबर चौक. तिथल्या ‘सायबर’ संस्थेतले एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून क्षेत्रकार्य करतात. सामाजिक शांततेचे काम शिकण्याची आपल्याकडची रुळलेली वाट हीच.

तास : यूजीसीच्या हिशेबात इंटर्नशिपचा 1 श्रेयांक म्हणजे 30 तास, 4 श्रेयांकांना 120. माणसांचा विश्वास मिळवायला हे तास अपुरेच, म्हणून एकाच वस्तीत टिकून राहावे.

निकड : 7 जून 2023 रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. त्या दिवसांत अफवा कशी पसरली, कोणी अडवली, याच्या नोंदी सलोख्यावरच्या कोणत्याही धोरण टिपणाचा पाया ठराव्यात.

अभ्यासावे असे : भिवंडी. 1984च्या भीषण दंगलीनंतर पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभारल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची सामान्य माणसे पोलिसांसह, तणाव नसतानाही, नियमित भेटत. 1992-93मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली.

गावाकडे : महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007पासूनची. गावच्या तंटामुक्त समितीचे काम जवळून पाहिले, तर बांधावरचे भांडण कोर्टात जाण्याआधी कसे मिटते, हे कळते.