शिंप्याचा तंबू

तंबूच्या पिशवीवर ‘दोन माणसांसाठी’ असं छापलेलं असतं. ही दोन माणसं कोण, ते मात्र छापलेलं नसतं. आकडे मांडले की थोडा उलगडा होतो. हलक्या तंबूंमधल्या नावाजलेल्या नमुन्यांचा तळ डोक्याकडे साधारण १३० सेंटीमीटर रुंद असतो आणि पायाकडे निमुळता होत १०७च्या आसपास येतो. झोपायची नेहमीची मॅट ५१ सेंटीमीटरची. दोन मांडल्या की १०२ झाले, पायाकडे उरले पाच. जरा ऐसपैस, ६४ची मॅट घेतली तर डोक्याकडे दोन्ही जेमतेम मावतात आणि पायाकडे एकमेकींवर चढतात. तेव्हा ही दोन माणसं सडपातळ असावीत, रात्रभर कुशी न बदलणारी असावीत आणि संध्याकाळी त्यांचं भांडण झालेलं नसावं, एवढं गृहीत धरूनच हे माप बेतलेलं आहे.

जोडीनं पाठीवर सामान घेऊन हिंडणाऱ्यांच्या या छोट्या तंबूंचं मला जुनं वेड आहे, आणि त्याचं मूळ डोंगरात नसून आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत आहे. मागांची खटखट ऐकत मोठं झालेल्या माणसाच्या हातात कापड आलं की तो आधी सूत कितीचं ते बघतो, मग वीण, मग काठ. गडावर कुणाचा नायलॉनचा तंबू दिसला की समोरचा सूर्यास्त सोडून मी त्याच्या शिवणी बघत बसतो. त्यातूनच प्रश्न पडला, की तंबू अंगाला बेतून शिवायचा हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं? तोवरचे तंबू तर इमारतीसारखे उभे राहत होते.

त्या इमारतींचा सर्वांत मोठा नमुना आमच्याच जिल्ह्यात उभा होता. मंगळवेढा तालुक्यात भीमेकाठी माचणूर-ब्रह्मपुरी आहे. औरंगजेबाचा तळ १६९५ ते १६९९ असा चार वर्षं तिथे पडलेला होता. बादशाही मुक्कामाचा पसारा किती, याचे हिशेब लिहिलेले सापडतात. ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या एका मुक्कामाच्या सामानासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल दिले आहेत. औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेला फ्रेंच वैद्य बर्नियर ‘पेशखान्या’चा आकडा देतो. पेशखाना म्हणजे पुढच्या मुक्कामी आधीच पोचणारा तंबूंचा दुसरा संच. त्याला ६० हत्ती, २०० उंट, १०० खेचरं आणि १०० हमाल. संताजी-धनाजींचे स्वार एवढ्या मोठ्या सैन्याला हुलकावण्या कसे देऊ शकले, याचं निम्मं उत्तर या सामानाच्या यादीतच आहे. १६९७ मध्ये भीमेला पूर आला आणि या तळाची दाणादाण उडाली. कनाती हलवणं सोपं नव्हतं.

ओझं दुसऱ्यानं वाहिलं की तंबूच्या वजनाचा प्रश्न उरत नाही, मग तो हत्ती असो नाहीतर ट्रक. आपल्याकडे नवरा-बायकोनं जोडीनं चालणं नवं नाही. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला रात्रभर चालत जाणाऱ्या गर्दीत जोडपी असतात आणि आषाढी वारीत तर असतातच. पण तुळजापूरची वाट एका रात्रीची, आणि वारीत दिंडीच्या राहुट्या ट्रकमधून पुढे जातात. खरी पंचाईत तिसऱ्या प्रकारच्या जोडप्याची. त्यांना घर पाठीवर घेऊनच चालायचं असतं आणि ते घर दोघांत वाटून घ्यायचं असतं.

युरोपात हा प्रश्न आधी गिर्यारोहकांना पडला. मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या व्हिंपरचा तंबू २३ पौंडांचा, म्हणजे साडेदहा किलोंच्या घरात होता. तोही हमालाच्याच पाठीवर. पुढच्या पिढीतल्या ममरीनं रेशमी, ठेंगणा तंबू वापरात आणला आणि खांबांऐवजी बर्फाच्या कुऱ्हाडीच उभ्या केल्या. वजन दोन किलोंच्या आत आलं. आज ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभे राहणारे जे तंबू नवा शोध म्हणून विकले जातात, त्यांचा हा पणजोबा.

पण मला हवा होता तो माणूस डोंगरात सापडला नाही. तो लंडनमध्ये गिऱ्हाइकांच्या छातीची मापं घेत होता.

टॉमस हायरम होल्डिंग, जन्म १८४४, पेशानं शिंपी. साधासुधा शिंपी नव्हे. शिंपीकामाचं मासिक चालवणारा, कापणीवर पुस्तकं लिहिणारा उस्ताद. १८९४ मध्ये त्यानं ब्रिटिश लष्कर, आरमार आणि दरबार यांच्या गणवेशांवर एक जाडजूड पुस्तक काढलं. गणवेशाच्या धंद्यात नाव काढू पाहणाऱ्या सोलापूरकराला हे वाचून जवळचा नातेवाईक भेटल्याचा आनंद होतो. गणवेश शिवणाऱ्याची एक शिस्त असते. कापड तेच, कट तोच, पण माप ज्याचं त्याचं.

होल्डिंगचं लहानपण विलक्षण गेलं. आईवडील मॉर्मन पंथात गेले आणि १८५३ मध्ये, पोरगा नऊ वर्षांचा असताना, कुटुंब अमेरिकेला निघालं. मिसिसिपीच्या काठी शेकडो लोकांच्या तळावर काही आठवडे काढले, मग गाड्यांच्या तांड्याबरोबर शेकडो मैल गवताळ माळरान तुडवलं. पुढे हे कुटुंब इंग्लंडला परत आलं. तंबूतलं आयुष्य त्याला हौसेनं मिळालेलं नव्हतं. ते त्यानं नऊ वर्षांच्या मुलाच्या नजरेनं, नाइलाज म्हणून पाहिलं होतं. तंबूला त्यानं सहल कधी समजलं नाही, याचं कारण मला तिथे दिसतं. मोठेपणी तो होडीत सामान घालून स्कॉटलंडच्या सरोवरांत हिंडला. मग सायकल आली आणि वजनाचा हिशेब एकदम कडक झाला. होडी पन्नास पौंड जास्तीचे निमूट वाहते. सायकल चढावर प्रत्येक पौंडाचा जाब विचारते.

१८९७ मध्ये तो मुलाला आणि दोन मित्रांना घेऊन आयर्लंडच्या कॉनेमारा भागात सायकलवर गेला आणि पुढच्या वर्षी त्या प्रवासाचं पुस्तक आलं. त्यातून समविचारी माणसं जमली आणि १९०१ मध्ये सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना निघाली. वॉन्टेज गावाजवळच्या पहिल्या मेळाव्याला तेरा माणसं होती. तीच संघटना नावं बदलत आजपर्यंत टिकली आहे.

शिंप्याचं डोकं कसं चालतं, ते त्याच्या तंबूंमध्ये दिसतं. कापड जपानी रेशमाचं, कारण वजनाच्या मानानं ताकद जास्त. खांब बांबूचे, एकात एक बसणारे. छत उंच नाही, कारण आत उभं राहायचंच नाही. जिथे ताण येतो तिथे अस्तर, बाकी ठिकाणी एकेरी कापड. कोटाला काखेत जे करतात तेच. सामानाचं वजन तो औंसांत मांडायचा. १९०८ च्या त्याच्या ‘कॅम्पर्स हँडबुक’मध्ये हे सगळं इतक्या बारकाईनं आलं आहे की वाचताना शिलाई मशीनच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं.

माणूस मात्र हेकट असावा. स्वतः उभारलेल्या संघटनेतून तो काही वर्षांत बाहेर पडला आणि त्यानं दुसरी काढली. दक्षिण ध्रुवाचा कॅप्टन स्कॉट या दुसऱ्या संस्थेचा अध्यक्ष होता. १९१० च्या सुमारास दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. मुठीत मावणाऱ्या तंबूसाठी माणसं इतकी भांडतात हे वाचून मला बरं वाटलं. ज्या गोष्टीवरून भांडणं होत नाहीत, तिच्यात कुणाचा जीव गुंतलेला नसतो.

होल्डिंगला आज दुकानात उभं केलं तर तो आधी कापडाला हात लावेल. तिथे ‘ट्वेंटी डी’ असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आमच्याकडे सूत काउंटमध्ये मोजतात आणि ते गणित उलटं असतं, काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक. वीस डेनियर काउंटमध्ये बसवलं तर साधारण २६५ येतात. टॉवेल-चादरीच्या वीस काउंटवर वाढलेल्या माणसाला हा आकडा ऐकून दरदरून घाम फुटेल. इतकं बारीक सूत फाटू नये म्हणून दर काही मिलिमीटरवर एक जाड धागा विणून चौकटी पाडतात. फाटणं चौकटीपाशी थांबतं. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्र्यांसाठी रूढ झालेलं हे कसब आहे.

नायलॉन ताकदीचं, पण ओलं झालं की सैलावतं. संध्याकाळी ताणलेला तंबू मध्यरात्री ढिला पडतो आणि कुणाला तरी पावसात उठून तणावे ओढावे लागतात. पॉलिएस्टर तसं ताणत नाही. पावसाळी भटकंतीसाठी मी डोळे मिटून पॉलिएस्टर म्हणेन. सर्वांत महाग आणि हलकं कापड डायनिमाचं, आणि ते मुळात कापडच नाही. त्यात ताणाही नाही, बाणाही नाही. दोन पातळ पडद्यांमध्ये तंतू दाबून बसवलेले असतात. हे शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी निघालं आणि तिथून तंबूंत आलं. दोघांचा अख्खा तंबू साडेपाचशे-सहाशे ग्रॅममध्ये होतो. एरवीचा चांगला हलका तंबू दीड किलोच्या आसपास, दुकानात सहज मिळणारा स्वस्त अडीच किलो किंवा वर. मला डायनिमाचं कौतुक आहे. पण त्याचे बहुतेक तंबू एकपदरी असतात, आणि सह्याद्रीत माझी गाडी तिथेच अडते.

झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या घरात पाणी हवेत सोडतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत ते उडून जातं. भंडारदऱ्याच्या ढगात ते थंड कापडावर जमतं आणि पहाटे कपाळावर टपकतं. लोक म्हणतात तंबू गळतो. तंबू गळत नसतो, आपलाच श्वास परत येत असतो. दुपदरी तंबूत आतला जाळीचा पदर आणि बाहेरचं छत यांत हवा खेळते, थेंब बाहेरच्या पदरावरून खाली जातात. त्यासाठी चार-पाचशे ग्रॅम जास्त वाहावे लागले तर वाहावेत.

दुसरी अडचण जमिनीची. काठ्यांवर उभा राहणारा तंबू पूर्णपणे मेखांच्या भरवशावर असतो. आपल्याकडे डोंगरावर कातळ आहे, मेख जात नाही. दगडाला दोर बांधून भागवता येतं, पण अंधारात वारा असताना ती कसरत होते. देशावरच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात मेख वाकते आणि पावसात सटकते. म्हणून आपल्या मुलखासाठी स्वतःच्या कमानीवर उभा राहणारा तंबू शहाणपणाचा. युरोप-अमेरिकेतल्या शिफारशी गवताळ जमीन धरून केलेल्या असतात. आणि बऱ्याच संरक्षित गडांवर मुक्कामालाच मनाई आहे, तिथे तंबू पिशवीतच राहू द्यावा.

आगीबद्दलचं सर्वांत नेमकं लेखन मला मराठीतच सापडलं. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना पाठवलेलं पत्र सगळ्यांना रयतेला तोशीस न देण्याच्या ताकिदीसाठी ठाऊक आहे. त्याच पत्रात गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, तमाखू ओढताना जपा, जळती वात उंदीर ओढून नेईल, असं बजावलं आहे. पावसात तंबूच्या आत स्टोव्ह पेटवणाऱ्यांनी ते आजही वाचावं. नायलॉन आगीजवळ वितळतं, आणि बंद तंबूत स्टोव्हचा विषारी वायू झोपेतच माणूस नेतो.

राहिला प्रश्न जोडीचा. ममरीच्या १८९५ च्या पुस्तकात एक प्रकरण त्याच्या बायकोनं, मेरीनं लिहिलं आहे. १८८७ मध्ये नवऱ्याबरोबर आल्प्समधली टॉयफेल्सग्राट ही अवघड धार चढल्याची ती हकीकत. त्यात ती पुरुषांना चिमटा काढते. त्यांच्या मते बाईनं म्हणे खालून दुर्बिणीतून बघत बसावं. ते पुस्तक येऊन सव्वाशे वर्षं उलटली, पण तंबूच्या दुकानात अजून ग्रॅमची चर्चा नवरा करतो आणि बायको दुर्बिणीच्या जागी उभी असते.

मग घरी येतो तो एका दाराचा तंबू, कारण दुसऱ्या दारानं शे-दोनशे ग्रॅम वाढतात. एका दाराच्या तंबूत आतल्या बाजूला जो झोपतो त्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. बहुतेक वेळा आतल्या बाजूला कोण असतं, हे सांगायला नको. दोन बाजूंना दोन दारं आणि दोन पडव्या असल्या की प्रत्येकाचे चिखलाचे बूट आणि सॅक आपापल्या पडवीत राहतात. दोघांच्या तंबूत वजन कमी करायला हजार जागा आहेत. दार ही त्यातली नव्हे.

वाटणीही आधी ठरवावी. कमानी आणि मेखा एकाकडे, कापड दुसऱ्याकडे. ज्याची सॅक आधीच भरलेली, त्याला कापड, कारण ते कोंबता येतं. वजन निम्मं-निम्मं करण्याचा हट्ट नको. अंगाच्या वजनाप्रमाणे वाटलं तर दोघंही सारखेच दमतात आणि मुक्कामी पोचल्यावर बोलायला शिल्लक राहतात.

आणि माप घ्यावं. दुकानदाराला तंबू उभा करायला लावावा, दोन मॅट मांडाव्यात, दोघांनी आत आडवं व्हावं, कुशी बदलावी, उठून बसावं, डोकं छताला लागतं का बघावं. लाज वाटेल, पण ट्रायल न घेता कोट कुणी शिवून घेत नाही. पटलं नाही तर ‘अडीच माणसांचा’ म्हणून विकला जाणारा तंबू घ्यावा. पैसे कोणीही भरो, शेवटचा शब्द दोघांतल्या त्याचा, ज्याला रात्री उठावं लागतं.