खताची मात्रा, शेताचा नकाशा आणि पेटंटचे भांडण

एकाच गटात वरच्या अंगाला मुरमाड रान आणि ओढ्याकडे काळी कसदार माती, हे आपल्याला आजोबांपासून ठाऊक आहे. हलक्या रानात शेणखताच्या चार पाट्या जादा टाकाव्यात, हे कुणी शिकवावे लागत नाही. पण हेच काम यंत्राने नकाशा पाहून केले, तेव्हा अमेरिकेत त्यावर मालकी सांगितली गेली.

मिनेसोटा राज्यातील सॉइल टेक कंपनीला डिसेंबर १९८६ मध्ये पेटंट मिळाले. शेताचा मातीनिहाय नकाशा संगणकात भरायचा, खत फेकणारी गाडी कुठे आहे ते पाहायचे आणि त्या जागेप्रमाणे खताचे मिश्रण चालता चालता बदलायचे, अशी ती रीत. ही कंपनी पुढे ॲग-केमकडे आणि २००१ मध्ये ॲग-केम ॲग्को कंपनीकडे गेली. त्या पेटंटची मुदत आता केव्हाच संपली आहे.

भांडण होते ते हद्दीवरून. पेटंटातले दावे म्हणजे हद्दीचे दगडच समजा. दुसऱ्याचे यंत्र त्या दगडांच्या आत येते काय, आणि मुळात ही कल्पना नवी होती काय, हेच वकील मोजत बसतात. डिअर कंपनीने २०१८ मध्ये वेगवान पेरणीयंत्रांवरून याच ॲग्कोवर आणि तिच्या प्रिसिजन प्लांटिंगवर दावा लावला. २०२२ मध्ये डेलावेअरच्या ज्यूरीने उल्लंघन झाले नाही असे ठरवले. चार वर्षे गेली की!

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(एच) शेतीच्या पद्धतीला पेटंट देऊच देत नाही. म्हणजे जागेनुसार खत कमी-जास्त टाकणे ही रीत कुणाच्या नावावर चढणार नाही. यंत्र, नियंत्रक, नोझल यांचे मात्र पेटंट होऊ शकते, अर्जापासून वीस वर्षांचे. परदेशातले पेटंट इथे आपोआप लागू होत नाही. इथे घेतलेले असेल तर विनापरवाना बनवणे, विकणे, एवढेच काय, वापरणेही त्यात येते.

म्हणून गावच्या सोसायटीने फवारणीचे ड्रोन किंवा खत टाकायचे यंत्र घेताना पक्के बिल घ्या. पेटंटचा वाद निघाल्यास जबाबदारी विक्रेत्याची, हे लिहून घ्या. आणि भाड्याच्या यंत्राने तुमच्या रानाचा नकाशा काढला, तर तो कुणाकडे राहणार, हेही त्याच कागदावर येऊ द्या. सही नंतर.