कॉपी केलेला मजकूर राहतो कुठे? लिनक्सच्या क्लिपबोर्डविषयीचे गैरसमज

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ ज्यांना पेलत नाही, पण बाकी काही बिघडलेलं नाही, असे संगणक नाशिकमध्येही टायपिंगच्या दुकानांत, क्लासच्या लॅबमध्ये, नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम करणाऱ्यांच्या घरी आहेत. ते भंगारात काढण्यापेक्षा त्यांवर एखादं हलकं लिनक्स चढवणं केव्हाही शहाणपणाचं. मात्र विंडोजवरून आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकते. मजकूर कॉपी केला, तो प्रोग्रॅम बंद केला, दुसरीकडे पेस्ट करायला गेलं तर काहीच येत नाही. मग ‘लिनक्समध्ये कॉपी-पेस्ट धड चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि बिचारा संगणक पुन्हा कोपऱ्यात जातो.

या निष्कर्षामागचा मूळ गैरसमज असा, की कॉपी केलं म्हणजे मजकूर लगेच कुठेतरी साठवला गेला. लिनक्समध्ये तसं होत नाही. इथली जुनी चित्रप्रणाली एक्स११ ही १९८७ची. तिच्यात कंट्रोल-सी दाबल्यावर तो प्रोग्रॅम फक्त एवढंच जाहीर करतो, की ‘मजकूर माझ्याकडे आहे, कुणी मागितला तर देईन.’ पेस्ट करताना दुसरा प्रोग्रॅम मागणी करतो आणि तेव्हा कुठे मजकूर हलतो. देणाराच बंद झाला असेल तर मागायचं कुणाकडे? या रचनेचा फायदाही मोठा आहे. लिब्रेऑफिसमधला तक्ता एकाच वेळी तक्ता म्हणून, साधा मजकूर म्हणून आणि चित्र म्हणूनही देऊ करता येतो. घेणाऱ्याने आपल्याला हवं ते रूप मागावं. बंद होताना आपल्याकडचा मजकूर क्लिपबोर्ड मॅनेजरकडे सोपवण्याची ठरलेली पद्धत आहे, पण ती प्रत्येक प्रोग्रॅम पाळतोच असं नाही.

क्लिपबोर्ड मॅनेजरचं खरं काम इथे सुरू होतं. तो पाळतीवर असतो, कुणी काही कॉपी केलं की ताबडतोब स्वतः मागून घेतो आणि पुढच्या मागण्यांना स्वतः उत्तर देतो. मागच्या पंचवीस-पन्नास नोंदींची यादी दाखवणं हा त्यातून मिळणारा जादा लाभ. विंडोजमध्ये ही यादी २०१८ पासून विंडोज-व्ही या बटणांवर मिळते, म्हणून तिची सवय अनेकांना आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपांपैकी केडीईमध्ये क्लिपर नावाचा मॅनेजर आधीपासूनच असतो. एक्सएफसीईसाठी क्लिपमन आहे. ग्नोममध्ये मात्र असं काही आयतं मिळत नाही, ते वेगळं बसवावं लागतं.

दुसरा गोंधळ दोन क्लिपबोर्डांचा. लिनक्सवर माउसने मजकूर नुसता निवडला तरी तो एका वेगळ्या जागी ‘देऊ केला’ जातो आणि माउसचं मधलं बटण दाबलं की उमटतो. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही यांचा व्यवहार याहून स्वतंत्र चालतो. हे ठाऊक नसलं की चाक फिरवताना चुकून बटण दाबलं जातं, भलताच मजकूर पानात घुसतो आणि व्हायरस आला की काय अशी शंका येते. ठाऊक असलं की हीच सोय हातात बसते, कारण दोन वेगळे तुकडे एकाच वेळी नेता येतात. बहुतेक मॅनेजरांत या दोन्हींपैकी कशाची नोंद ठेवायची ते ठरवता येतं. निवडीची नोंद बंद ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे, नाहीतर वाचताना सहज निवडलेल्या प्रत्येक ओळीने यादी भरते. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी हा चालू काम थांबवण्याचा इशारा असतो. तिथे कॉपीसाठी शिफ्टची जोड द्यावी लागते.

‘मॅनेजर टाकला की जुनं मशीन मंदावतं’ हेही सर्रास ऐकू येतं. हिशेब करून पाहू. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ५०० चिन्हांच्या १०० नोंदी ठेवल्या तरी दीड लाख बाइट होतात, म्हणजे साधारण १५० केबी. याउलट १९२० बाय १०८० आकाराचा एकच स्क्रीनशॉट स्मृतीत पूर्ण उलगडला तर ८० लाख बाइटांच्या वर जातो. भार पडतो तो चित्रांचा. चित्रांची नोंद बंद केली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

पण हलकेपणाचीही किंमत असते. पार्सेलाइट किंवा क्लिपमेन्यूसारखी छोटी साधनं केवळ साधा मजकूर जपतात. यादीतून जुना तक्ता काढून पेस्ट केला तर रकाने, ठळक अक्षरं, रंग हे सगळं गेलेलं असतं. ज्यांना स्वरूप जपायचं आहे त्यांनी कॉपीक्यू घ्यावा. तो थोडा मोठा आहे, पण कामाचा आहे.

निवड करताना आपण एक्स११वर आहोत की वेलँडवर, हे आधी पाहायलाच हवं. वेलँडचं काम २००८मध्ये सुरू झालं आणि आता बऱ्याच लिनक्समध्ये तेच मूळ निवड म्हणून येतं. एक्स११मध्ये कुठलाही प्रोग्रॅम गुपचूप क्लिपबोर्ड वाचू शकतो. वेलँडने ती मोकळीक काढून घेतली आणि मजकूर फक्त समोरच्या, वापरात असलेल्या खिडकीला द्यायचा असा नियम केला. मागे बसून काम करणाऱ्या मॅनेजरला त्यामुळे खास परवानगी लागते. केडीईने आणि स्वे या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रणालीने ती दिली आहे. क्लिपहिस्टसारखी साधनं तिच्यावरच चालतात. ग्नोमने बराच काळ ती दिली नाही, म्हणून तिथे एक्स्टेन्शनचा मार्ग रूढ झाला. जुना मॅनेजर वेलँडवर मुका बसला तर तो बिघडलेला नसतो, त्याला दारच बंद असतं.

मराठीत काम करणाऱ्यांचा खास आरोप म्हणजे ‘लिनक्सचा क्लिपबोर्ड मराठी अक्षरं फोडतो.’ क्लिपबोर्ड अक्षरं घडवत नाही आणि फोडतही नाही. जे मिळालं ते जसंच्या तसं पोचवतो. दोष मूळ फाइलमध्ये असतो. कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या मजकुरात देवनागरी साठवलेली नसतेच. आत इतर अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. दुसरीकडे पेस्ट केलं की ते रूप उतरतं. उपाय युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा, मॅनेजर बदलण्याचा नव्हे. पीडीएफची अडचण वेगळी. ‘नाशिक’मधली वेलांटी दिसते ‘श’च्या डावीकडे, पण युनिकोडमध्ये ती ‘श’नंतर साठवलेली असते. पीडीएफमध्ये आकृत्या दिसण्याच्या क्रमाने मांडलेल्या असतात, म्हणून कॉपी करताना वेलांट्या आणि जोडाक्षरं जागा सोडतात.

सगळ्यात काळजीचा गैरसमज शेवटी. ‘संगणक बंद केला की यादी पुसली जाते’ असं धरून चालू नये. अनेक मॅनेजर ती होम फोल्डरच्या आतल्या एखाद्या लपवलेल्या फोल्डरात, बहुधा कुलूप न लावता, लिहून ठेवतात. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या संगणकावर दिवसभरात किती जणांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि पासवर्ड कॉपी होतात, याचा विचार केला की हे किती गंभीर आहे ते कळतं. कीपासएक्ससी हा पासवर्ड जपणारा प्रोग्रॅम कॉपी केलेला पासवर्ड काही सेकंदांत पुसतो आणि ‘हे गुपित आहे’ अशी खूणही सोबत पाठवतो. क्लिपर ती खूण मानतो, पण प्रत्येक मॅनेजर मानेलच असं नाही. ब्राउझरमधून हाताने कॉपी केलेल्या पासवर्डला तर बहुधा अशी खूणच नसते.

ज्या संगणकावर एकाहून जास्त माणसं बसतात तिथे यादी डिस्कवर जपण्याचा पर्याय बंद ठेवावा, नोंदींची संख्या कमी ठेवावी आणि प्रत्येक ग्राहकानंतर यादी पुसावी. पुसल्यावर एकदा कंट्रोल-व्ही दाबून खात्री करावी. क्लिपहिस्टमध्ये यादी रिकामी झाली तरी शेवटचा कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर तसाच असतो, तो घालवायला दुसरा एखादा निरुपद्रवी शब्द कॉपी करावा.