सिगारेट विझली, तरी धूर घरातच

सिगारेट किंवा विडी विझली की धूर विरून गेला असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं निकोटिन आणि इतर रसायनं भिंती, पडदे, गाद्या, फरशी यांवर बसतात, त्यांत मुरतात. या थराला ‘थर्डहँड स्मोक’ म्हणतात.

गैरसमज : वास गेला म्हणजे धूर गेला.
वस्तुस्थिती : खिडकी उघडली, पंखा लावला की हवेतला धूर कमी होतो. कापडात, भिंतीत मुरलेलं निकोटिन मात्र तिथेच राहतं आणि हळूहळू पुन्हा हवेत मिसळतं. उदबत्ती, रूम फ्रेशनर फक्त वास झाकतात.

गैरसमज : जुन्या थराने काय होणार?
वस्तुस्थिती : गॅसच्या ज्वलनातून घरातल्या हवेत नायट्रस आम्ल येतं. भिंतीवरच्या निकोटिनशी त्याची अभिक्रिया होऊन नायट्रोसामाइन्स तयार होतात, हे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखवलं. त्यांतलं ‘एनएनके’ हे रसायन माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे.

गैरसमज : बाळ घरात नसताना ओढली, तर त्याला त्रास नाही.
वस्तुस्थिती : बाळ परतल्यावर त्याच फरशीवर रांगतं, सोफा चाटतं, हात तोंडात घालतं. गॅलरीत ओढली तरी कपडे, केस आणि बोटांवरून हा थर बाळापर्यंत पोहोचतो.

गैरसमज : साफसफाई, रंगरंगोटी केली की भाड्याचं घर नव्यासारखं.
वस्तुस्थिती : सॅन डिएगोतल्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली, अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घरं साफ झाली होती, सुमारे दोन महिने रिकामीही होती. तरीही तिथे राहायला आलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या लोकांच्या बोटांवर निकोटिन सापडलं.

गैरसमज : म्हणजे अशा घरात कॅन्सर ठरलेलाच!
वस्तुस्थिती : तसं नाही. या थरामुळे पेशींतल्या डीएनएला इजा होते, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. मात्र त्यातून माणसांत किती आजार होतात, याचा अभ्यास अजून चालू आहे. सर्वांत मोठा धोका ओढणाऱ्यालाच असतो.

पडदे, चादरी धुवा, फरशी आणि भिंती साबणाच्या पाण्याने पुसा, धूर मुरलेले जुने गालिचे काढून टाका. एवढ्याने थर कमी होईल. नवा थर बसू नये म्हणून मात्र घरात कुणीच, पाहुण्यांनीही, ओढता कामा नये. सवय सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.