कॉम्प्युटर दुसऱ्याच्या हाती देताना

मैत्रिणींनो, गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर आपल्याला दोघींच्या सह्या लागतात. एकटीच्या सहीवर बँक रुपया देत नाही. पण ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवर हिशेब अडला की एकटीच बाई तालुक्याला फोन लावते. पलीकडचे दादा म्हणतात, "ताई, एनीडेस्क उघडा, नंबर सांगा." नंबर सांगितला की स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायला लागतो.

सोय चांगलीच आहे. जायचं-यायचं भाडं वाचतं, रोज बुडत नाही. पण तेवढ्या वेळात आपल्याला जे दिसतं ते सगळं त्यांनाही दिसतं: सभासदांचे आधार नंबर, खाते नंबर, उघडी राहिलेली बँकेची साइट.

ठगांनी हेच हेरलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल बँकांना सावध केलं होतं. ठग फोन करून मोबाइलवर एनीडेस्क घ्यायला लावतात, त्यावर दिसणारा नंबर विचारतात आणि खात्यातले पैसे काढून घेतात. एनीडेस्क वाईट नाही. विळीने भाजी चिरते तसं बोटही कापतं.

मग कोणतं साधन घ्यावं? तीन गोष्टी बघा. कोड दरवेळी नवा येतो का? आपण होकार दिल्याशिवाय सुरू होत नाही ना? मनात आलं की आपल्याला बंद करता येतं का?

विंडोज १० आणि ११ साठी मायक्रोसॉफ्टचं 'क्विक असिस्ट' आहे. मदत करणारा कोड देतो, तो आपण टाकायचा. स्क्रीन दाखवायला एक परवानगी, चालवू द्यायला दुसरी. गुगलच्या 'क्रोम रिमोट डेस्कटॉप'मध्ये आपल्या स्क्रीनवर १२ आकडी कोड येतो, तो एकदाच चालतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा रस्टडेस्क वापरायचं असेल तर त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. फोनवर आलेली लिंक दाबू नका. त्यात कायमचा पासवर्ड ठेवू नका, नाहीतर आपण घरी गेल्यावरही कोणी आत शिरेल.

साधन कोणतंही असो, एवढं पाळा:

• फोन आपण लावायचा, तोही आपल्या वहीतल्या नंबरावर. "बँकेतून बोलतोय" म्हणून आलेल्या फोनला कोड सांगायचा नाही.
• आधी बँकेची साइट आणि व्हॉट्सॲप बंद करा.
• काम संपेपर्यंत समोरून उठू नका.
• ओटीपी, पिन, पासवर्ड कुणालाच नाही. ओळखीच्या दादांनाही नाही.
• झालं की जोडणी तोडा. तारीख, वेळ, कोणी काय केलं, रजिस्टरला लिहा.

काही गडबड वाटली तर लगेच इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. लाजू नका, उद्यावर टाकू नका. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची आशा जास्त.

पुढच्या मासिक सभेत एक ठराव घ्या: कॉम्प्युटर बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायचा तर समोर दोघी हव्यात. पैशाला दोन सह्या, तशा इथे दोघींच्या नजरा. आत पैसा आपल्या सगळ्यांचाच आहे.