शिलाहारांचा शेवटचा राजा आणि ट्रॉयचा हेक्टर

महाशिवरात्रीला बदलापूर-उल्हासनगरची माणसं अंबरनाथच्या शिवमंदिराकडे लोटतात, रांगेत उभी राहतात, पायऱ्या उतरून गाभाऱ्यातल्या महादेवाला बेल वाहतात. वालधुनीच्या काठचं हे देऊळ उत्तर कोकणच्या शिलाहारांनी बांधलं. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060 हे वर्ष आणि राजा मुम्मुणीचं नाव आहे. लोक या देवळाला सर्रास हेमाडपंती म्हणतात. पण ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री झाला दोनशे वर्षांनंतर. शिलाहार घराण्याशी त्याचा संबंध आला तो घराणं बुडताना.

1265च्या सुमारास यादव राजा महादेव हत्तींचं दळ घेऊन कोकणात उतरला. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर जमिनीवर हरला आणि गलबतांच्या आधाराने समुद्रात गेला. तिथेही त्याचा पाठलाग झाला आणि तो बुडाला. हेमाद्रीच्या राजप्रशस्तीत यावर कल्पना लढवली आहे, की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराला समुद्राच्या पोटातला वडवानल बरा वाटला. जेत्याच्या दरबारात शत्रूचा मृत्यू असा आपल्या राजाच्या प्रतापाचा अलंकार होऊन बसतो.

हरलेल्या शत्रूचा मान राखायचा कसा, हे पाहायला ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’कडे वळावं लागतं. तिथे सगळं मानापमानावरच पेटतं. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन आपलाच वीर अकिलीस याच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस हिरावून घेतो. भर सभेत झालेला हा अपमान अकिलीसला सोसवत नाही. तो लढाईतून अंग काढून घेतो, ग्रीकांची माणसं पटापट पडू लागतात आणि अखेर त्याचा जिवलग पॅट्रोक्लस ट्रॉयच्या हेक्टरच्या हातून मारला जातो. तिकडे हेक्टरचीही तीच गत. सैन्य तटाच्या आत घे, असं त्याचा साथी पॉलिडामसने त्याला बजावलं होतं. त्याने ऐकलं नाही, माणसं गमावली. आता आत शिरलो तर लोक काय म्हणतील, या लाजेने तो वेशीबाहेर एकटा उभा राहतो आणि अकिलीसच्या हातून मरतो. या वीरांचा मान चारचौघांच्या नजरेत असतो. त्यापायी ते जीव देतात आणि दुसऱ्यांचेही जीव घेतात.

मरणानंतरही कुणीतरी आपली आठवण काढावी, ही त्यांची ओढ. सातव्या सर्गात हेक्टर म्हणतो, की आपल्या हातून पडलेल्या वीराची समाधी किनाऱ्यावर उभी राहील आणि पुढच्या काळातले खलाशी ती पाहून आपलं नाव घेतील. आपल्या किनाऱ्यालगत बोरिवलीजवळच्या एक्सरला असेच वीरगळ आहेत. उभ्या शिळांवर चौकटी कोरल्या आहेत. कुठे हत्ती-घोड्यांची झुंज, कुठे वल्ह्यांच्या रांगा आणि एकमेकांवर चालून जाणारी गलबतं. वरच्या चौकटीत स्वर्गाला गेलेला वीर आणि शिवपूजा. ही सोमेश्वराचीच लढाई असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या वल्हेकऱ्यांची नावं आज कुणालाच ठाऊक नाहीत, पण दगडाने त्यांची लढाई जपली आहे.

‘इलियड’चं मोठेपण कळतं ते त्याच्या शेवटात. ग्रीकांच्या या काव्याचा शेवट ग्रीकांच्या विजयाने होत नाही. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम मुलाचं प्रेत मागायला अकिलीसच्या तंबूत येतो, त्याचे हात चुंबतो. अकिलीसला स्वतःचा बाप आठवतो, दोघेही रडतात. प्रेत परत मिळतं आणि काव्य संपतं ते हेक्टरच्या, म्हणजे शत्रूच्या, अंत्यसंस्काराने. स्वतःच्या मानासाठी अकिलीसने सगळ्यांना होरपळवलं, पण शत्रूला मान दिला तेव्हाच तो खरा मोठा झाला. जिंकणाऱ्याची थोरवी गायला दरबारी कवी पुरतो. हरलेल्याचा मान राखायला मात्र होमरएवढं काळीज लागतं.