एकट्याची नौका

मोठ्या गलबतावर शिडांना, दोरांना आणि सुकाणूला निरनिराळे हात मिळतात. एकटा खलाशी समुद्रावर निघाला की ही सारी कामे दोनच हातांवर येऊन पडतात. शिवाय त्याला जेवावे लागते आणि झोपावेही लागते. म्हणून अशी नौका सिद्ध करताना प्रथम एकच प्रश्न विचारावयाचा असतो : हा मनुष्य सुकाणूपासून दूर गेला, तर नौका काय करील?

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या ३२ फुटी सागवानी नौकेने दिले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी तिच्यातून इंग्लंडमधील फाल्मथहून एकटेच निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. ‘सुहैली’ला दोन डोलकाठ्या आहेत. एकच प्रचंड शीड आवरण्यापेक्षा दोन-तीन लहान शिडे आवरणे एकट्याला सोपे जाते. शिडांचे दोर कप्प्यांवरून सुकाणूपाशी आणले, तर वादळात पुढे धावण्याची वेळही कमी येते.

सुकाणू धरण्यासाठी वाऱ्यालाच कामाला लावता येते. पिछाडीस एक पातळ फळी उभी करतात व तिची कड वाऱ्याकडे ठेवतात. नौकेने दिशा सोडली की वारा फळीच्या रुंद अंगावर आदळतो, फळी कलते आणि तिला जोडलेले पाण्यातील पाते वळते. वाहते पाणी त्या पात्याला जोराने ढकलते व त्या ओढीने सुकाणू फिरते. नौका पूर्ववत मार्गावर आली की फळी पुन्हा उभी राहते. ‘सुहैली’चे असे यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झाले. तेव्हा शिडांचा तोल साधून नॉक्स-जॉन्स्टन यांनी प्रवास पुरा केला. पुढचे शीड नाळेला वाऱ्यापासून दूर लोटते, मागचे तिला वाऱ्याकडे वळवते. दोहोंची ओढ सारखी झाली की नौका बरीचशी सरळ चालते.

दोघांची नौकाही एकट्यासाठीच सजवावी लागते. कारण एक झोपला की दुसरा एकटाच असतो. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या. वाटेत चार बंदरांना थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून त्या २९ मे २०२५ रोजी परतल्या.

मात्र या व्यवस्थेत एक धोका दडलेला आहे. आपोआप चालणारी नौका पाण्यात पडलेल्या धन्यासाठी थांबत नाही. पाच नॉट वेगाने ती दहा सेकंदांत सुमारे पंचवीस मीटर पुढे जाते. एवढे अंतर लाटांत पोहून कोण गाठणार? म्हणून नाळेपासून पिछाडीपर्यंत मजबूत पट्टा ताणून बसवतात आणि खलाशी अंगावरील पट्ट्याचा आकडा त्यात अडकवूनच वावरतो. नौका जितकी अधिक आज्ञाधारक, तितकी ही दोरी अधिक आवश्यक.